वरच्या घरातलं खारं पाणी

चाळीस किलो मीठ एकट्या माणसाला कशाला लागतं, ह्याचं एकही चांगलं उत्तर त्या दिवशी मला सुचेना. दिल्लीजवळ इंदिरापुरमच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, तो माणूस राहायला आला. हमालांनी सगळ्यात आधी मिठाच्या दोन बादल्या वर चढवल्या. मी दारात उभा राहून आकडा वाचला. वीस आणि वीस. त्यामागून सहा माणसांनी धरलेली काचेची पेटी आली, तिच्यात आमची दोन्ही नातवंडं आडवी झोपली असती एवढी. त्यामागून पांढरे, भोकं पडलेले दगड, पोत्यांत भरलेले.

बायकोला म्हटलं, "लोणच्याचा कारखाना तरी काढतोय, नाहीतर ह्याला काहीतरी पुरायचंय."

ती म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात."

दिसतात. चौतीस वर्षं मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत पंप चालवला. कुणी लाइनला चोरून मोटर जोडली, कुणी टाकीचा बॉल मुद्दाम वाकवून ठेवला, हे मी पाइपाला कान लावून सांगायचो. शिक्षण सातवी. पण पाणी आणि माणूस ह्या दोन गोष्टी मला कुणी शिकवायला नकोत, असं मी समजत होतो.

त्या माणसाचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला 'वरचे' म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो आणि खाली आल्यावर माझ्याकडून अरे-तुरे. साठीचा, एकटा, काटकुळा, मराठीच, पण दिल्लीत जन्मलेला. त्यामुळे 'चहा करतो' न म्हणता 'चहा बनवतो' म्हणायचा आणि दर दोन वाक्यांनी 'बिल्कुल' घालायचा. नुकताच निवृत्त झालेला, नोकरी कुठल्याशा मंत्रालयात, आस्थापना विभागात. म्हणजे लोकांच्या बदल्या, बढत्या, रजा ह्यांच्या फायली सांभाळायच्या. असली माणसं मला ठाऊक आहेत. ती गोड बोलतात आणि अर्ज दाबून ठेवतात.

महिनाभर मी छताकडे बघत काढला. वर सतत गुरगुर चालायची. पंपच होता, माझा कान चुकायचा नाही. पण पंप म्हणजे टाकी भरली की बंद. हा बंदच होईना. संध्याकाळ झाली की त्याच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवर निळा उजेड पडायचा. सोसायटीतला एक जण म्हणाला, असल्या दिव्याखाली नशेची झाडं लावतात. मी लगेच मानलं. सेक्रेटरीला अर्जही लिहायला घेतला, की माझ्या डोक्यावर सहाशे किलो पाणी आहे आणि छत पडलं तर जबाबदार कोण.

अर्ज पुरा व्हायच्या आत बायकोच भांडायला वर गेली. आमच्याकडे दिवसाआड टँकर, आणि ह्याच्या बाल्कनीतल्या नळीतून चांगलं पाणी सकाळपासून गटारात चाललेलं. मी खाली कान देऊन होतो. तिचा आवाज दोन मिनिटं चढा आला, मग येईचना. अर्ध्या तासानं ती एक बादली पाणी घेऊन खाली आली.

"हे काय?"

"त्यांच्या फिल्टरचं सुटलेलं पाणी. फरशीला, भांड्यांना चालतं. रोज देणार आहेत. समुद्राचं पाणी घरी बनवतात ते. त्याच्यासाठी आधी एकदम कोरं पाणी लागतं, म्हणून एवढं सुटतं."

"आणि मासे?"

"मासे नाहीत अजून. दगड आहेत."

"दगडांना वीज, दगडांना पाणी, दगडांना समुद्र! आणि तुला पटलं?"

"पटलं नाही," ती म्हणाली. "पण माणूस दगडांपुढं स्टूल टाकून बसलाय, आणि म्हणतो अजून दीड महिना थांबायचंय."

खरंच अडीच महिने त्या पेटीत खारं पाणी आणि दगड ह्यांच्याशिवाय काही नव्हतं. लोक मासे बघायला यायचे आणि दगड बघून जायचे. मी गेलो तेव्हा त्यानं काचेच्या एवढ्याशा बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "हिरवं आलं. विष आहे अजून." नव्या पाण्यात आधी विष तयार होतं, मग दगडांवर ते खाणारे किडे धरतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते पुरेसे झाल्याशिवाय मासा सोडला तर मासा मरतो, असं त्याचं म्हणणं. मी मान हलवली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर भरवसा ठेवायला सांगणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटलेत, आणि त्यातले बरेचसे दक्षिणा मागतात.

मासे आले तेव्हा तेही सरळ टाकीत गेले नाहीत. न्हाणीघरात एक छोटी पेटी होती, तिच्यात महिनाभर ठेवले. रोग असेल तर तिथंच कळतो. त्याला तो 'प्रोबेशन' म्हणायचा. महिना नीट काढला तर मासा 'कन्फर्म'. प्रत्येकाची वहीत एक पानाची सर्व्हिस बुक. एक नारिंगी मासा दुसऱ्याला चावायचा, त्याची फरिदाबादला बदली झाली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी होती, ती माशांच्या अंगावरची घाण वेचून खायची. "ही आमची सफाई कर्मचारी, पर्मनंट," तो सांगायचा. बायको हसून हसून डोळे पुसायची. मला कळायचं नाही की हा माणूस खुळा आहे की आम्हाला खुळं समजतोय.

घरात उदबत्ती नाही, डासांचा फवारा नाही, अत्तर लावलेल्या माणसाला आत प्रवेश नाही. देवासमोर नुसता तेलाचा दिवा. टाकीजवळ यायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, तेही साबण न लावता. आणि धुतलेला हातसुद्धा पाण्यात घालायचा नाही. काही कोलमडलं, काही उलटं पडलं, तरी आधी एक दिवस बघत राहायचं. "साहेब, हे पाण्यानं मरत नाहीत. माणसाच्या हातानं मरतात," तो मला म्हणायचा. मी पंपवाला. मी साहेब कुठला? पण तो सगळ्यांनाच साहेब म्हणायचा, म्हणून त्याचाही मला संशय.

मग टाकीत पोवळी आली. पोवळं म्हणजे मला अंगठीतला लाल खडा माहीत. ही तर हलणारी, उघडणारी, मिटणारी. काही छत्रीसारखी, काही गवतासारखी, काही शर्टाच्या बटणाएवढी गोल, दगडावर दाटीनं बसलेली. मी विचारलं, "चोरीचा माल नाही ना?" त्यानं फाइल काढली. म्हणाला, दगडासारखी कडक पोवळी ठेवायला कायद्यानं बंदी आहे, ती तो ठेवत नाही. ही सगळी मऊ, आणि दुसऱ्यांच्या टाक्यांतून तुकडे घेऊन वाढवलेली. फाइल नीट लावलेली होती. न मागता कागद दाखवणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

आणि लोक यायचे. रविवारी रोहिणीहून, फरिदाबादहून, गुडगावहून. येताना रिकामा डबा, जाताना डबा दोन्ही हातांनी धरलेला. "धंदा चालू आहे," मी बायकोला म्हटलं.

"तुकडे देतात एकमेकांना."

"फुकट?"

"फुकट."

"फुकट कुणी काही देत नाही."

"बरं," ती म्हणाली. 'बरं' म्हणजे तिच्यालेखी विषय संपला.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. अकरा महिने आम्ही हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या. त्याच अकरा महिन्यांत एक गोष्ट सुरू झाली, आणि हे सगळं मी लिहितोय ते तिच्यासाठीच. दुपारी तीन वाजले की बायको उठायची, पदर सारखा करायची आणि वर जायची. सोळा पायऱ्या. आठव्या पायरीवर थांबून श्वास घ्यायची. मी हात द्यायला गेलो तर म्हणायची, "तुम्ही बसा." साडेचारला खाली. एक दिवस चुकला नाही. इंजेक्शननं उलट्या व्हायच्या त्या दिवशीसुद्धा नाही.

ती वर करायची काय? घरात मी होतो, टीव्ही होता, मऊ गादी होती. चालवत नव्हतं, तरी ती जायची कशाला? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

विचारलं तर म्हणायची, "बघत बसते."

"काय बघतेस?"

"बटणं."

एक-दोनदा खाली आली तेव्हा तिच्या हातांना रबराचा वास आला. हातमोज्यांचा. हा वास मी ओळखतो, हॉस्पिटलात रोज येतो. मासे बघायला हातमोजे कशाला लागतात? स्पष्ट लिहितो, माझ्या मनात घाण आली. सत्तरीचा मी, अडुसष्टची ती, अंगावर मांस राहिलेलं नाही, आणि माझ्या मनात हे. एक दिवस चपला काढून मी वर गेलो आणि त्याच्या दाराला कान लावला. पाइपाला लावायचो तसा. पंपाचा आवाज. पाण्याचा आवाज. दोघांतलं कुणी बोलतच नव्हतं. दहा मिनिटं उभा राहिलो, एक शब्द नाही. बोलताना पकडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दोन माणसं दीड तास गप्प बसतात, हे मला जास्त लागलं.

ती गेली. तेराव्यापर्यंत लोक येत राहिले, रडले, जेवले. वरचा रडला नाही. नेहमीच्या वेळी पाण्याची बादली आणून आमच्या दाराशी ठेवली आणि निघून गेला. मी ती लाथेनं उडवली. दुसऱ्या दिवशी त्यानं परत ठेवली. ती मी उडवली नाही, कारण घर पुसायचं होतं.

पुढं मे महिन्यात तो माझ्याकडे किल्ली घेऊन आला. त्याच्या बहिणीचा नवरा इंदूरला दवाखान्यात होता, नऊ दिवस जायचं होतं. टाकी नेहमी बघायची ती, रविवारी येणाऱ्यांतली फरिदाबादची दातांची डॉक्टर स्वतःच बाहेरगावी होती.

"मी कशाला?" मी विचारलं.

"वहिनींना सगळं येत होतं. आणि तुम्ही पंपवाले आहात, यार. मशीन बंद पडलं तर तुम्हाला आवाजावरून कळेल."

वर नेऊन त्यानं दोन पिंपं दाखवली. पांढऱ्या झाकणाचं गोड्या पाण्याचं, निळ्या झाकणाचं खाऱ्या पाण्याचं. टाकीच्या खालच्या हौदाला चिकटपट्टी लावली होती. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा चालतो, त्यानं पाणी गार राहतं पण उडतं. पातळी पट्टीखाली गेली की पांढऱ्यातलं पाणी घालून पट्टीपर्यंत आणायचं. निळ्याला बिल्कुल हात लावायचा नाही, ते तो परत आल्यावर पाणी बदलायला वापरणार होता. मग त्यानं टाकीतला उजवीकडचा एक दगड दाखवला. हिरवी बटणं, कडेनं नारिंगी झालर, चाळीसेक असतील. "हा वहिनींचा," तो म्हणाला. "तीन बटणं त्यांनी स्वतः चिकटवली होती. हातमोजे घालून. ह्या बटणांत विष असतं ना, म्हणून."

हातमोज्यांचं कोडं असं एका वाक्यात सुटलं.

तो गेला, आणि मी स्टूल टाकून विचार करायला बसलो. पाणी खारं. रोज बारा-तेरा लिटर कमी होतंय, कधी पंधरा. खारं पाणी कमी झालं तर गोडं का घालायचं? रोज गोडं ओतत गेलो तर नऊ दिवसांत समुद्राची विहीर होईल. शिवाय मीठ बाहेर पडताना मला डोळ्यांनी दिसत होतं. काचेच्या कडेला, नळ्यांच्या तोंडाशी पांढरे थर धरले होते. बोटानं खरवडून चाटलं. मीठच. मग हा मला उलटं का सांगून गेला? एक तर विसरला, नाहीतर मुद्दाम. टाकी माझ्या हातून मरावी, मी दारात बादली उडवली त्याचा हिशोब पुरा व्हावा, असं असलं तर? आणि टाकीत तिचा दगड. मी ठरवलं, मी फसणार नाही. निळं झाकण उघडलं.

पहिले दोन दिवस अर्धं-अर्धं घातलं, मग सगळं खारं. चौथ्या दिवशी बटणं मिटली. मला वाटलं, मीठ कमी पडतंय. सहाव्या दिवशी कोळंबी उताणी पडलेली दिसली. सातव्या दिवशी तिच्या दगडावर राखेसारखा थर आला आणि बटणं त्यात विरघळायला लागली. फोन करायला हवा होता. केला नाही. ज्याला सगळ्यांच्या चुका कळतात, त्याच्या हाताला स्वतःची चूक सांगायला फोन सापडत नाही.

तो आला, बॅग न ठेवताच टाकीसमोर गेला. मीठ मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढून तिच्यावर दोन थेंब टाकले, खिडकीकडे धरली. "एक्केचाळीस," तो म्हणाला. "पस्तीस पाहिजे."

"लाइट गेली होती," मी म्हटलं. "बराच वेळ."

लाइट जाण्याचा आणि मीठ वाढण्याचा काही संबंध नाही, हे आज मला कळतं. त्याला तेव्हाच कळत होतं. निळं पिंप जवळजवळ रिकामं, पांढरं भरलेलं, हेही त्याच्या पुढ्यातच होतं. तो म्हणाला, "अच्छा. जाते लाइट." आणि कामाला लागला. एकदम गोडं ओतलं नाही. थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं, सहा तास थांबायचं. असे तीन दिवस. मी खाली छताकडे बघत वाट बघत होतो, की आता ओरडेल, आता सोसायटीत सांगेल. काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मलाच सहन होईना. वर गेलो आणि म्हटलं, "लाइट गेली नव्हती. निळं मी घातलं."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो." मग तो मला शिकवायला लागला, चहात साखर घालून दाखवावी तसं. उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं. काचेवर दिसतं ते चिमूटभर, बाकी सगळं आतच. म्हणून घालायचं ते गोडंच. शेवटी म्हणाला, "सगळेच करतात, साहेब. मी पहिल्या वर्षी हेच केलं."

"दगड?"

"गेला."

एवढं ऐकून मी स्टुलावर खाली बसलो. तिच्या साड्या बहिणींना दिल्या तेव्हा मी बसलो नव्हतो. त्यानं मला बसू दिलं. मग म्हणाला, "चलो, फरिदाबादला जाऊ. वहिनींचा तिकडे पण आहे."

तेव्हा मला रविवारच्या डब्यांचा उलगडा झाला. ह्या लोकांची एक रीत आहे. आपल्याकडे जे सगळ्यात आवडतं असेल, त्याचा तुकडा आधी दुसऱ्याला देऊन टाकायचा. टाकी कुणाचीही, कधीही बसते, म्हणजे आतलं सगळं मरतं. बसली की आपण दिलेल्याकडे जायचं आणि आपल्याच जीवाचा तुकडा परत मागून आणायचा. नाही म्हणायचं नसतं. मी विचारलं, "आणि तो नाही म्हणाला तर?" तो म्हणाला, "असं अजून कुणी केलेलं ऐकलं नाही." मी म्हटलं, "माझ्या ओळखीत शंभर जण निघतील."

थर्मासमध्ये खारं पाणी भरून आम्ही निघालो. वैशाली स्टेशनवर मेट्रोच्या तपासणीत शिपायानं थर्मास अडवला. "क्या है इसमें?"

"पानी."

"पीके दिखाओ."

वरच्यानं थर्मास उघडला, समुद्राचा एक मोठा घोट घेतला, गिळला, आणि तोंडाची एक रेघ न हलवता म्हणाला, "बढ़िया है. आप लेंगे?" शिपाई म्हणाला, "चलो चलो, आगे बढ़ो." मंडी हाउसला गाडी बदलेपर्यंत तो खोकत होता. मी हसलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. हसलो म्हणून मग मला स्वतःचाच राग आला.

दातांची डॉक्टर तिशीची पंजाबी मुलगी. दार उघडून तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपल्या नवऱ्याला आत हाक मारली, "सुनो, आंटीजी वाले अंकल आए हैं." तिच्या टाकीत तीच हिरवी बटणं, नारिंगी झालर. साठ-सत्तर. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हटलं, "ये वही है, ये कैसे मानूँ?"

वरचा खाली बघायला लागला. मुलीला मात्र राग आला नाही. तिनं वही आणली. कुणाकडून काय आलं, कधी आलं. पान माझ्यापुढं धरलं. 'आंटीजी, इंदिरापुरम, तीन बटन.' पुढं तारीख. म्हणाली, "उन्होंने खुद फ़ोन किया था. बोलीं, मेरा वाला रख ले बेटा, मेरे बाद वहाँ कुछ हो गया तो इनको वापस दे देना."

मी तारीख वाचली. आकडा वाचता येतो मला. डॉक्टरांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावून आता औषधाचा उपयोग नाही असं सांगितलं, त्याच्या तिसऱ्या दिवसाची ती तारीख होती. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या मुलालाही नाही. तिला तर सांगितलं होतं की गाठ लहान झालीय, दिवाळीला गावी जाऊ. ती म्हणाली होती, "बरं."

येताना टॅक्सी केली. थर्मासमध्ये आता तीन विषारी बटणं होती, घोट घेऊन दाखवायची सोय नव्हती. आश्रम नावाच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"बिल्कुल," तो म्हणाला. "तुमचं तोंड बघूनच कळलं म्हणाल्या."

"मग तुमच्याकडे येऊन काय बोलायची ती?"

"फारसं नाही. पहिल्या दिवशी एकदाच बोलल्या. म्हणाल्या, खाली मला बरं असल्यासारखं वागावं लागतं, ते दर दहा मिनिटांनी बघतात. दीड तास मला इथं आजारी असू द्या." मग म्हणाला, "त्या दीड तासाला मी रजा म्हणायचो. अर्जित रजा. त्या हसायच्या."

पुढची गाडी हलली, आमची हलली. मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. टँकरवाल्यावर, वाण्यावर, डॉक्टरवर, ह्या माणसावर, आणि लाज सोडून सांगतो, तिच्यावरसुद्धा. पण तिला माहीत असेल, हा एक संशय मला कधी आला नाही. मी तिला फसवतोय असं समजत होतो आणि ती मला फसू देत होती. त्याच्यावर चिडायला मी तोंड उघडलं होतं, की तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाही. पण सांगून काय झालं असतं? मी तिला वर जाऊ दिलं नसतं. दिवसभर समोर बसून रडलो असतो आणि तिला मलाच समजवायला लागलं असतं.

तीन बटणांची वर्षभरात पंचवीस झाली. मीही दुपारचा वर जायला लागलो. तो चहा बनवायचा. आम्ही फार बोलायचो नाही. मला गप्प बसायला जड जातं, पंधरा मिनिटांच्या वर जमत नाही, मग मी पंपाच्या आवाजात खोट काढायचो. एक-दोनदा खोट खरंच निघाली.

मग त्याच्या बहिणीचा नवरा वारला आणि त्यानं कायमचं इंदूरला जायचं ठरवलं. असली टाकी उचलून नेता येत नाही. एका रविवारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. माशांच्या बदल्या झाल्या, सर्व्हिस बुकाची पानं फाडून बरोबर दिली. मला म्हणाला, "वहिनींचा दगड तुम्ही ठेवा. लहान टाकी लावून देतो."

मी नको म्हटलं. मला मी माहीत आहे. मी हात घातल्याशिवाय राहणार नाही.

मग कुणाला द्यायचा, ते मी ठरवायचं होतं. फरिदाबादला होताच. समोर रोहिणीचा एक शाळामास्तर, गुडगावचं एक जोडपं, मयूर विहारचा एक रिटायर्ड फौजी. मी तिघांनाही उभं करून विचारलं. पानी कौन-सा डालते हो? बाहर जाते हो तो चाबी किसके पास? पहली टंकी क्यों मरी? मास्तर खरं बोलला, म्हणाला, आळशीपणानं मेली. जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. फौजी म्हणाला, "सर, कभी नहीं मरी." तो मला खोटा वाटला.

"साहेब, इंटरव्ह्यू झाला असेल तर ऑर्डर काढा," वरचा म्हणाला.

मी तिघांनाही दिली. फौजीलाही. तिनं मला विचारून दिलं असतं तर मी एकालाही देऊ दिलं नसतं, हे मला कळत होतं. हातमोजे चढवले, त्यानं मान हलवली, आणि पहिल्यांदाच त्या पाण्यात मी हात घातला. पाणी गारसर होतं. चिमट्यानं बटणं एकेक करून सोडवली, एकही तुटलं नाही.

तो गेला. इंदूरहून सणासुदीला फोन येतो. वर आता एक तरुण जोडपं आहे, त्यांच्याकडून गाण्यांचा आवाज येतो. त्या तिघांना मी हुकूम दिला होता, दर रविवारी सकाळी फोटो पाठवायचा. बटणं मोजता येतील असा, जवळून. पाठवायचे. मी चष्मा लावून मोजायचो, आणि फौजीचे दोनदा मोजायचो.

गेल्या रविवारी फौजीचा फोटो आला नाही. दुपारी त्याचाच फोन आला. "सर, सॉरी, पोती आई हुई थी, रह गया. अभी भेजता हूँ."

"रहने दो," मी म्हटलं.

"देखना नहीं है?"

"ठीक होगा."

फोन ठेवला. परत लावून विचारलं नाही.